गडीमाणसाचं माहेर

९ फेब्रुवारी, रविवार

पतसंस्थेनं दिलेली ही डायरी महिनाभर टीव्हीवर पडून होती. आज लिहायला घेतली, कारण आज जे केलं ते कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर मुकुंदवाडीभर होईल, राजकुमार लाईनमन रिटायर झाला आणि डोक्यावर पडला.

मी कुत्र्याचं पिल्लू घरात आणलंय. मुठीएवढं. डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून.

झालं असं. सकाळी वैजापूरहून पारूआक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण, बोलायला लागली की फ्यूज काढल्याशिवाय थांबत नाही. विषय माझ्या पोरीचा. श्रेयाला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तिला मी इथं आणणार, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तर आक्का म्हणते, "राजा, सुलेखा होती तवर ते माहेर होतं. गडीमाणसाला बाळंतपण येतं व्हय? ऱ्हाऊ दे पोरीला पुण्यातच."

बायको गेली म्हणजे माहेरही गेलं? माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आक्का, मी आयुष्यभर अकरा हजारांची लाईन हाताळली, एक तान्हं लेकरू हाताळता येणार नाही मला?"

"लाईन रडत नाय बाबा," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्याच रागात दूध आणायला निघालो. आमच्या गल्लीच्या टोकाला रिकामा प्लॉट आहे, तिथल्या सिमेंटच्या पाइपात एक कुत्री व्याली होती. गेल्या आठवड्यात गल्लीतली पोरं तिच्या शिऱ्यासाठी घरोघरी पीठ-गूळ मागत फिरली. मी पण गूळ दिला, वर दोन शिव्या दिल्या, ते वेगळं. काल रात्री ती जालना रोडवर गाडीखाली गेली. पाइपात हात घातला तर तीन पिल्लं गार पडलेली आणि एक कोमट. जे कोमट होतं ते शर्टाच्या आत टाकलं आणि घरी आलो. दूध राहिलंच.

संध्याकाळपर्यंत ठेवू, मग बघू, असं म्हटलं होतं. संध्याकाळ झाली. अजून कोमट आहे. आता आक्काला दाखवतोच.

१० फेब्रुवारी

गायीचं दूध पाजलं तर पिल्लाला हगवण लागली. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "काका, हे आठ-दहा दिवसांचं असेल. जगलं तर नशीब." बकरीचं दूध सांगितलं, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. उशाला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. आणि एक गोष्ट अशी सांगितली की मी इकडंतिकडं बघायला लागलो. एवढं लहान पिल्लू आपणहून मुतत नाही. आई चाटते तेव्हा मुततं. आई नसेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून आपण पुसायचं.

बासष्टाव्या वर्षी हे शिकायचं राहिलं होतं.

बकरीच्या दुधासाठी किराडपुऱ्यात गेलो. दूध देणाऱ्या म्हातारीनं विचारलं, "कित्ते दिन का बच्चा है भाई?" म्हटलं, दस दिन का. "अम्मा नहीं क्या उसको?" म्हटलं, नहीं. तिनं मापाच्या वर अजून ओतलं आणि पैसे घेईना. तिला वाटलं माणसाचं लेकरू. मला सांगायचं होतं, पण तसाच दूध घेऊन निघालो.

१३ फेब्रुवारी

जगतंय गडी. नाव ठेवलं फ्यूज. दूध पिता पिता एकदम मान टाकतं आणि झोपून जातं, उडालेल्या फ्यूजसारखं. पहिल्यांदा मी घाबरून त्याला हलवून हलवून जागं केलं. आता माहीत झालंय.

लेकरू सांभाळणं म्हणजे काय, तर पाजायचं, पुसायचं, ऊब द्यायची. यात गडी-बाई कुठून आलं? श्रेया येईपर्यंत आपला हात चांगला बसेल. इतके दिवस उठून चहा करायचा, पेपर वाचायचा आणि दुपारची वाट बघायची, एवढंच काम होतं. आता वेळ पुरत नाही. परवापासून दाढी केली नाही.

सुलेखाला जाऊन सव्वा वर्ष झालं. तिच्याविषयी लिहायचं काही नाही. गेलेलं माणूस गेलं. सगळं अनित्य आहे, आपण विहारात म्हणतोच की. नुसतं म्हणून काय उपयोग, वागायला नको?

१५ फेब्रुवारी

डोळे उघडले! निळसर, धूर भरल्यासारखे. जन्माला आल्यावर पहिलं तोंड बघितलं ते माझं, दाढी वाढलेलं. बिचाऱ्याचं नशीब.

श्रेयाला व्हिडिओ कॉल लावला. "पप्पा, तुम्ही? आणि कुत्रा?" लई हसली. पोटावर हात ठेवून हसत होती, आईसारखीच. मग म्हणाली, "आई असती ना पप्पा, तर ती आधी..."

मी म्हटलं, "बरं ते राहू दे, गाडी कधी पाठवू सांग."

म्हणाली, बघू. आणि तिनं फोन ठेवला. दमली असणार.

१९ फेब्रुवारी

आज शिवजयंती. डीजेनं खिडक्या थरथरत होत्या. फ्यूज माझ्या बनियनमध्ये शिरून बसलं ते मिरवणूक पार पुढं जाईपर्यंत बाहेर आलं नाही. नखं लागली पोटाला. लागू दे.

श्रेयासाठी मधली खोली तयार केली. ती सुलेखाची खोली, म्हणजे तिथं तिची शिलाई मशीन होती, कपाट होतं, चिंध्यांचं गाठोडं होतं. सुलेखा गेल्यापासून मी त्या दाराला कडी घालून ठेवली होती. आत जायचं काही कारणच पडत नव्हतं. आता जागा तर करायलाच पाहिजे. मशीन मागच्या गल्लीतल्या एका बाईला दिली, ती ब्लाऊज शिवते, तिला उपयोग होईल. साड्या विहारातल्या बायकांना वाटल्या. तिचा फोटो रंगासाठी भिंतीवरून काढला होता, तो मग बॅगेत ठेवून माळ्यावर टाकला. भिंतींना फिकट गुलाबी रंग दिला. दोन दिवसांत खोली एकदम नवी. कुणाची आहे ते ओळखू येत नाही.

तिथं बसवलं नाही मला, रंगाचा वास डोक्यात जातो.

२३ फेब्रुवारी, रविवार

श्रेयाला खोली दाखवली. फोन सगळीकडं फिरवला, खिडकी, पंखा, पाळण्याचा हूक.

"पप्पा, मशीन कुठंय?"

"दिली की. जागा अडत होती. पाळणा कुठं टांगणार?"

"आणि आईच्या साड्या?"

"वाटल्या. कपाट अख्खं रिकामं केलं तुझ्यासाठी. बघ."

तिचा आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली. हॅलो, हॅलो करत अंगणात गेलो. मग म्हणाली, "रंग छान आहे पप्पा."

आवडला तिला. मी उगीच काळजीत होतो, गुलाबी लहान पोरींचा वाटेल की काय म्हणून.

२ मार्च, रविवार

श्रेया म्हणते, डॉक्टरांनी प्रवासाला नाही सांगितलंय. पुण्याहून इथं गाडीनं पाच-सहा तास. रस्ता काही वाईट नाही आता. मी जावयाला फोन लावला. सार्थक लई सरळ पोरगा. विचारलं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले? तर, "डॉक्टर... हो, म्हणजे... ऊन वाढतंय ना पप्पा." असा अडखळला. बायकोची काळजी आहे बिचाऱ्याला.

ऊन काय, मी कूलर आजच धुऊन ठेवला. नवी जाळी टाकली.

फ्यूज चालायला लागलं. चालतं म्हणजे, पुढचे पाय एकीकडं आणि मागचे दुसरीकडं. फरशीवर घसरून तोंडावर पडतं आणि माझ्याकडंच रागानं बघतं, जणू फरशी मी बसवली.

८ मार्च

डिंकाचे लाडू केले. आक्का फोनवर सांगत होती, मी करत होतो. डिंक तुपात फुलेपर्यंत तळ म्हणाली. फुलला, मग काळा पडला. "आरं, जाळलास! गॅस बारीक कर म्हनलं होतं ना! ऐकतच नाय मेलं." पुन्हा नवा डिंक आणला. दुसऱ्या खेपेला जरा बरे झाले, थोडे करपट लागतात. शेकशेगडी पण आणून ठेवलीय.

आक्का शेवटी म्हणाली, "राजा, पोरगी यील का पर?"

म्हटलं, न यायला काय झालं? तिचं घर आहे.

संध्याकाळी श्रेयाचा फोन. आधी म्हणाली, "पप्पा, तुम्हीच या ना इकडं. महिनाभर राहा."

"खुळी का तू? बाप लेकीच्या घरी जाऊन पडतो का? लोक काय म्हणतील!"

"तुम्ही तर रूढी मानत नाही ना? लग्नात माझं कन्यादान केलं नाही. मग ही एकच रूढी का धरून बसलाय?"

"ही रूढी नाही. हा तुझा हक्क आहे," म्हटलं. जरा आवाज चढला माझा.

मग तिनं खरं कारण सांगितलं. घरात कुत्रा आहे. तिच्या सासूबाई म्हणतात, केस उडतात, जंतू असतात, तान्ह्या बाळाजवळ नको. हे आधी सांगायचं ना! मी इथं कूलर धूत बसलोय, आणि अडलंय कुठं तर या टिल्ल्यापाशी.

ते माझी चप्पल चावत बसलं होतं. दात आलेत, भाताच्या कणीसारखे. मी ओरडलो त्याच्यावर. पहिल्यांदाच ओरडलो. ते पलंगाखाली गेलं, आणि मी बोलावलं तेव्हा लगेच आलं. लगेच यायला नको होतं.

१६ मार्च, रविवार

फ्यूजला बिडकीनला सोडून आलो.

बद्रीनाथ आणि मी वीज मंडळात बरोबरच खांबांवर चढायचो. आता तो बिडकीनजवळ शेती बघतो. तिथं गाय आहे, सावली आहे, त्याच्या बायकोला कुत्र्यांची आवड आहे. पैठणच्या बसमध्ये पिशवीतून नेलं. कंडक्टरनं बघितलं आणि माझं एकट्याचंच तिकीट फाडलं. वाटभर ते पिशवीतून तोंड काढून माझा अंगठा चोखत होतं.

बद्रीनाथ म्हणाला, "राजाभाऊ, ऱ्हाईल हितं, त्याचं काय नाय. पन तुझ्या अंगावर वाढलंय रं त्ये. कशाला टाकून चाललास?"

"पोरगी येणार आहे माझी. तान्हं लेकरू असणार घरात."

"मंग पोरगी आल्यावर आनलं असतंस की."

त्याला काय कळतंय. निघताना मागं बघितलं नाही. मागं बघितलं की माणूस फसतो. सुलेखाच्या वेळीही मी बघितलं नव्हतं, म्हणून तर उभा राहू शकलो. सगळी रडत होती, कुणीतरी उभं राहायला नको?

घरी आल्यावर बाटली, फडकं, कापूस, सगळं गोळा करून टाकून दिलं. फरशी फिनेलनं पुसली. आता कुणाला काही बोलायला जागा नाही.

१७ मार्च

सकाळीच श्रेयाला फोन केला. म्हटलं, "अडचण संपली. कुत्रा दिला बद्रीनाथकडं. सासूबाईंना सांग, घर लख्ख आहे. आता गाडी कधी पाठवू?"

मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही त्यालाही देऊन टाकलं?"

आणि रडायला लागली. फोन बंद.

त्यालाही म्हणजे? दुसरं कुणाला दिलं मी? माझ्याकडं एकच कुत्रा होता. आणि तिनंच तर सांगितलं होतं की कुत्रा नको. दिला तर रडते. गरोदर बाईचं मन असं हळवं होतं म्हणतात. सुलेखाचं काय होत होतं तेव्हा, आठवत नाही. आठवतं, पण लिहीत नाही.

२० मार्च

आज नळाला पाणी आलं. नऊ दिवसांनी. सगळ्या टाक्या, पिंपं, बादल्या भरल्या. एकट्या माणसाला एवढं पाणी काय करायचं? तरी भरलं.

मग सवयीनं किराडपुऱ्यात गेलो. म्हातारीनं दूध दिलं, विचारलं, बच्चा कैसा है? म्हटलं, मजेत. घरी येऊन दूध कोमट केलं आणि मग आठवलं. सिंकमध्ये ओतून दिलं.

घरात आवाजच नाही. रोज कुठं ना कुठं काहीतरी खरवडायचं, ओढायचं, पडायचं. आता फ्रीज चालू होतो, बंद होतो, तेवढंच. मधल्या खोलीचं दार मी पुन्हा लावून घेतलंय, धूळ जाऊ नये म्हणून.

२३ मार्च, रविवार

श्रेया फोन उचलत नाही. शेवटी सार्थकनं उचलला. मी तोंड सोडलं. म्हटलं, मी खोली रंगवतो, लाडू करतो, कुत्रा देऊन टाकतो, अजून काय करायचं राहिलं ते एकदा सांगून टाका मला!

तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, रागावू नका. माझ्या आईचं, डॉक्टरांचं, तसं काही नाहीये. तिला बाळंतपणासाठी तिकडं नाही यायचंय. तिला तिच्या आईसाठी यायचं होतं."

आई कुठं आहे आता इथं? शिकलेला जावई आहे, मोठ्या कंपनीत आहे, पण कधीकधी काहीही बोलतो.

जेवण केलं नाही. चार-पाच लाडू खाल्ले. सगळे करपट.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी उठलो आणि पैठणच्या बसमध्ये जाऊन बसलो. कशाला जातोय ते ठरवलं नव्हतं. नुसतं बघून येऊ म्हटलं, खातं-पितं का ते.

बद्रीनाथच्या गोठ्याजवळ पोचलो तर फ्यूज गायीच्या गव्हाणीखाली झोपलं होतं. वाळलेलं दिसलं. मी हाक मारली. मला वाटलं, आता शेपूट हलवत येईल. आलं, पण शेपूट वगैरे काही नाही. माझ्या पायाशी येऊन बसलं, मान वर केली आणि रडायला लागलं. आता त्याला दुसरा शब्द नाही. एवढ्याशा जिवातून एवढा मोठा सूर. मी उचलून घेतलं तरी थांबेना. तोंड माझ्या मानेत खुपसून रडतच राहिलं. तक्रार करत होतं, कुठं गेला होतास म्हणून.

बद्रीनाथ म्हणाला, "आल्यापास्नं आवाज नव्हता काढला बघ त्यानं. आम्हाला वाटलं मुकं हाय का काय. ज्याच्याम्होरं रडायचं त्योच नव्हता, तर रडंल कुनाम्होरं?"

तो सहजच बोलला. बोलून पाणी आणायला गेला.

मी तिथंच बांधावर बसलो आणि मला रडू फुटलंच. ते पिल्लू रडतंय आणि मी रडतोय. सुलेखा, सुलेखा असं मोठ्यानं म्हणत होतो, लाज नाही, काही नाही. सव्वा वर्षात हे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा भंतेजींनीच घेतलं, मी नुसते हात जोडून उभा होतो. बद्रीनाथ पाण्याचा तांब्या घेऊन आला, माझ्याकडं बघितलं, तांब्या शेजारी ठेवला आणि पुन्हा विहिरीकडं गेला. चांगला माणूस आहे.

मग तिथूनच फोन लावला. या वेळी तिनं उचलला.

म्हटलं, "श्रेया, मला आई लई आठवते गं."

एवढंच बोललो. तिकडं पोरीचा बांधच फुटला. किती वेळ रडली. मी गप्प बस म्हटलं नाही, मी पण तेच करत होतो. मधेच हुंदके देत म्हणाली, "तुम्ही कधी रडलाच नाहीत पप्पा. मला वाटायचं, त्या घरात आईला आठवणारी मी एकटीच आहे."

"सोसत नव्हतं गं मला. म्हणून दार लावून घेतलं, मग सगळं वाटून टाकलं. तुला खोली पाहिजे म्हणून वाटलं असं मी म्हणत होतो, पण ते खोटं आहे. मलाच बघवत नव्हतं तिचं काही."

"मला तिच्या साड्यांत झोपायचं होतं," म्हणाली. "तुमच्याशी बोलायचं होतं तिच्याबद्दल. बाळ व्हायच्या आधी. आणि तुम्ही विषय निघाला की गाडी कधी पाठवू म्हणता."

खरंच होतं. म्हटलं, "साड्या नाहीत आता. मशीन नाही. भिंतीला गुलाबी रंग आहे. लाडू करपलेत. आणि हा कुत्रा मी परत घेऊन चाललोय, तो पण घरात असणार, ते आधीच सांगतो. तुला द्यायला माझ्याकडं काहीच नाही श्रेया." आवाज फुटत होता माझा. "तरी ये. दोघं मिळून रडू."

"येते," म्हणाली. शुक्रवारी सार्थक हळूहळू गाडी चालवत आणून सोडेल. डॉक्टरांचं, उन्हाचं, सासूबाईंचं, कशाचंही नाव काढलं नाही.